फिल्टरवरची टिकली

काय हो वहिनी, भाऊजी सकाळपासून त्या बोनेटमध्ये डोकं घालून उभे आहेत, काही सापडलं का? नाही, आमचे हे खिडकीतून बघतायत आणि मला म्हणतायत, जा, जरा विचारून ये. दुसऱ्याचं बोनेट उघडं दिसलं की यांचे पाय वळवळतात, पण आधी हाक कुणी मारायची यावर घोडं अडतं. थांबा, ही कढीपत्त्याची कुंडी सरकवते, म्हणजे भिंतीला नीट टेकता येईल.

जुनी थार घेतलीत, छान केलंत. आमची २०१२ची, तुमची चौदाची ना? म्हणजे सख्ख्या बहिणीच. आणि सप्टेंबरात स्पितीला? अहो, गाडी दारात येऊन महिना नाही झाला! जा की, मी कशाला नको म्हणू, आम्हीही २०२२ साली असेच निघालो होतो. पण मला आधी एक सांगा, मेकॅनिक कोण गाठलाय?

हायवेवरचा? काचेचा? एसीत बसायला सोफे आणि कॉफीचं मशीन? अगंबाई.

नाव नाही घेत मी, भिंतीला कान असतात. तुमच्या त्या ठिकाणाबद्दल तर मला काही ठाऊकच नाही. पण अशाच एका काचेच्या ठिकाणी आम्ही चार वर्षं गाडी टाकत होतो. सर्व्हिसिंग झालं की तीन पानी बिल, आणि त्यात एअर फिल्टर बदलला ही ओळ ठरलेली. आता मी तीस वर्षं सहावी-सातवीच्या वह्या तपासल्यात. गृहपाठ न करता वही पुढे सरकवणारं पोर मला त्याच्या चालण्यावरून कळतं. एकदा मी काय केलं, आदल्या रात्री यांना टॉर्च धरायला लावला, फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा उघडल्या आणि फिल्टरच्या रबरी कडेला कपाळावरची टिकली काढून चिकटवली. बारीक, लाल. हे म्हणाले, करणी करतेस का गाडीवर? म्हटलं, टॉर्च सरळ धरा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी आली. धुतलेली, टायरना काळं पॉलिश, आत सुगंधी पुठ्ठा टांगलेला. डबा उघडला. टिकली जागच्या जागी! जरा मळली होती, एवढंच.

भांडले म्हणजे काय, भांडलेच. तिथला मुलगा शांतपणे म्हणाला, मॅडम, सिस्टिममध्ये बदललेला दाखवतोय. आता सिस्टिमपुढे टिकली काय टिकणार?

मग शोध सुरू झाला. यांनी आधी मित्रांना विचारलं. मित्र गाडी नेणार रविवारी सोमेश्वरच्या धबधब्यापर्यंत, त्यांना काय विचारायचं? मी म्हटलं, ज्याचं पोट गाडीवर आहे त्याला विचारा. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट घेऊन पिकअपवाले येतात ना, त्यांची गाडी एक दिवस उभी राहिली तर माल सडतो. ते कुठे नेतात गाडी? चहाच्या टपरीवर तिघांना वेगवेगळं गाठलं, तिघांनी एकच खूण सांगितली. पत्र्याची शेड, समोर चिंचेचं झाड, एस.टी.च्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला माणूस, आणि तोंडाचा जरा फटकळ आहे बरं का, असं वर.

फटकळ होतेच. आम्ही पोचलो तर वर बघितलंसुद्धा नाही. पण मी तोवर बघून घेतलं. गॅरेजात शिरलं की मी आधी उभ्या गाड्यांवरची धूळ बघते. काचेवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ असली तर समजायचं, गाडी खोलून ठेवलीय आणि पार्ट "उद्या येतोय". तिथल्या चारही गाड्या कालपरवाच्या होत्या. एक पोरगं चाकाचा ड्रम काढून बसलेलं, त्याचे नट एका ॲल्युमिनियमच्या ताटलीत डिझेलमध्ये बुडवलेले. पलीकडच्या चाकाची ताटली निराळी. अगदी माझ्या मिसळणाच्या डब्यासारखं, मोहरीत जिरं नाही पडायचं. तिथेच माझं मन बसलं. यांचं मन बसायला अजून वेळ होता, कारण यांना कुणी खुर्ची दिली नव्हती.

मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला तो "काय बिघडलंय" नाही. म्हणाले, "कुठं न्यायचीय?" हे म्हणाले, स्पितीला. "कुठल्या अंगानं चढणार?" बघा, म्हणजे त्यांना ठाऊक होतं की दोन अंगं आहेत. एक मनालीकडून, अटल बोगद्यातून निघून ग्रांफू-बातलवरून एकदम कुंझुमच्या खिंडीत, साडेचार हजार मीटरवर. दुसरं सिमला-किन्नौरकडून, हळूहळू वर. म्हणाले, किन्नौरकडून चढा, माणसालाही सवय होते आणि गाडीलाही. मग इंजिन चालू करायला लावलं, एक लांब डिसमिस घेतला, त्याचं टोक अल्टरनेटरवर टेकवलं आणि मूठ स्वतःच्या कानाला लावली. डॉक्टर लावतात तसं. डोळे मिटून. मग मला बोलावलं, "ताई, ऐका." मी कान लावला तर आत पीठ दळल्यासारखी बारीक घरघर. "बेरिंग. इथं वर्षभर काढेल. तिथं काढेलच असं नाही." मग वॉटरपंपावर टेकवून ऐकवलं, तिथे गुळगुळीत. तेव्हापासून मिक्सर कुरकुरला तरी मी डिसमिस शोधते.

काचेवाल्यांनी आम्हाला क्लच प्लेट बदलायला सांगितली होती. मिस्त्री एक फेरी मारून आले आणि म्हणाले, कशाला? अजून खूप चालेल, त्या पैशांत टायर बघा. यांचा चेहरा असा झाला, जसा जावयाने मानपान नको म्हटल्यावर सासऱ्याचा होतो. वहिनी, काम नको म्हणणारा गॅरेजवाला मी तोवर पाहिला नव्हता. टायर मात्र दोन बाद झाले. नक्षी चांगली होती हो, पण ते म्हणाले, वय बघा. टायरच्या बगलेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५१५ म्हणजे २०१५चा पस्तिसावा आठवडा. रबर उन्हात उभं राहूनही म्हातारं होतं. तुमच्या गाडीचे बघा आत्ताच, आणि स्टेपनीचा आधी बघा. तिथे हवा भरायची आठवण कुणाला नसते, आणि हवी तेव्हा ती पुरणपोळीसारखी मऊ निघते.

पण खरी गंमत पुढे झाली. मिस्त्रींनी गाडी रॅम्पवर घेतली, मागच्या हौसिंगचा बूच खोलला, आत बोट घातलं. हौसिंग म्हणजे तो मागच्या दोन चाकांच्या मधला भोपळा असतो ना, तो. बोट बाहेर काढलं आणि आमच्यापुढे धरलं. "हे काय आहे?" आम्ही बघितलं तर बोटावर चहा! म्हणजे दुधाचा चहा असतो ना, तसलं पिवळट-तपकिरी, फेसाळ. गिअर ऑइल असं नसतंच, ते मधासारखं पाहिजे. त्यांनी यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पावसाळ्यात कुठल्या ओढ्यात घातली होती?"

वहिनी, यांचा आवाजच गेला. जुलैत हरसूलच्या बाजूला गेलो होतो, तिथे फरशीवरून पाणी जात होतं. मी नको म्हणत होते. यांना त्या दिवशी कुठून वीरश्री संचारली कोण जाणे, आणि मधोमध जाऊन फोटोसाठी थांबले. थांबले! मिस्त्रींनी सगळं समजावलं. घाट चढून आलं की भोपळा तापलेला असतो, आतली हवा फुगलेली. तसाच तो गार पाण्यात बसला की हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. त्यासाठी वर एक बारीक ब्रीदर असतो, श्वास घ्यायची नळी म्हणा ना. आमचा ब्रीदर चिखलाने बुजलेला. मग गाडी श्वास घेणार कुठून? ऑइल सीलमधून. आणि हवेऐवजी पाणी. दोन महिने आम्ही त्या चहावर गाडी पळवत होतो. सगळं ऑइल काढलं, आत डिझेलने धुतलं, सील बदललं, नवं ऑइल. ब्रीदर साफ करायला लागली ती फक्त एक तार आणि दोन मिनिटं. बघा, केवढासा ब्रीदर, आणि भोपळ्यातले क्राउन-पिनियनचे दाते खाऊन टाकले असते. तुमच्याकडे आधीच्या मालकाने काय काय पाजलंय गाडीला, देवाला माहीत. पुढचं, मागचं, ट्रान्स्फर केसचं, सगळं ऑइल बदलून घ्या, रंग बघून घ्या. त्यांनी सांगितलं तरी तुम्ही स्वतः बोट घालून बघा. हात धुता येतात.

थांबा हं, कुकर. तिसरी झाली की चौथी?

झाली बंद. हां, कुकरवरून आठवलं. रेडिएटरचं झाकण. भाऊजींनी ते बघितलं का? आतली रबराची चकती चिरली असली तर नवीन घ्या, किरकोळ किंमत असते. वर कुंझुमला पाणी पंच्याऐंशी अंशाच्या आसपासच उकळायला लागतं, आपल्या इथल्यासारखं शंभराला नाही. म्हणून तर तिकडे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. रेडिएटर म्हणजे कुकरच की, झाकणाने दाब धरला तर आतलं कुलंट उकळत नाही. रिंग सैल झाली की आपला कुकर कसा फुसफुस करत बसतो? तेच. मिस्त्रींनी हे मला सांगितलं नव्हतं, मीच त्यांना सांगितलं, आणि ते हसले पहिल्यांदा.

फोर बाय फोरचं विचारताय? अहो, आमच्या गाडीचा तो दांडा तीन वर्षं कुणी हलवला नव्हता. यांना वाटायचं, जपून वापरावा, लग्नातल्या शालूसारखा. तो अडकूनच बसला होता. मिस्त्री चिडले. महिन्यातून एकदा टाकायचाच, म्हणाले, चार-पाच किलोमीटर चालवायची, म्हणजे आतलं ऑइल सगळीकडे फिरतं. पण डांबरावर नाही हं. मातीत, मुरमात. वळताना पुढची चाकं जास्त धावतात, मागची कमी, आणि आपल्या गाडीत फोर बाय फोर टाकलं की दोन्ही एकाच जुवाला जुंपलेली. मातीत चाक जरा घसरतं आणि हिशेब मिटतो. डांबरावर घसरता येत नाही, मग सगळा ताण आतल्या दातांवर. पलीकडच्या गल्लीतला तो मुलगा कॉलेज रोडला फोर बाय फोर टाकून वळवतो ना, त्याला कुणीतरी सांगा. मी नाही सांगणार, त्याची आई मागच्या भिशीपासून माझ्याशी बोलत नाही.

आणि ती समुद्रात गाड्या घालणारी कार्टी! दर सुट्टीत कोकणात एक तरी थार वाळूत रुतलेली आणि लाटा बोनेटवर. रील निघते छान. पुढे दोन वर्षांनी खालचा पत्रा हातात येतो, तेव्हा रील नाही काढत कुणी. किनाऱ्यावरून आलात तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा, बस.

निघायच्या आधी मिस्त्रींनी आम्हाला थेट सोडलं नाही. म्हणाले, आधी घाटघरला जाऊन या, भंडारदऱ्याच्या पुढे, एक मुक्काम करा, सगळं सामान भरून. गाणी लावायची नाहीत. जे ऐकू येईल ते लिहून आणायचं. मी वही घेऊन बसले. डावीकडे वळताना पुढून कटकट, असं लिहिलं होतं. ते चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचं रबरी बूट निघालं, फाटलेलं. आतलं ग्रीस सगळं बाहेर आणि धूळ आत. घरापाशीच कळलं म्हणून बरं.

त्या वहीत अजून लिहिते मी. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कुणी. गॅस सिलिंडरची तारीख लिहितो ना आपण कॅलेंडरवर, तसंच. ब्रेक ऑइल कधी बदललं ते भाऊजींना विचारा, छातीठोक सांगता येतं का बघा. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि मग लांब उतारावर तापून उकळतं की पेडल एकदम मऊ पडतं. ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं, ही एस.टी.वाल्यांची शिस्त. कसाऱ्यात आम्ही आता तसंच उतरतो, मागचे हॉर्न मारतात. मारू देत.

रस्ता म्हणाल तर दिल्लीतून जाऊ नका हो. दहा वर्षांपुढची डिझेल गाडी, त्यावर तिकडे २०१५ पासून हरित लवादाची टांगती तलवार, आणि नियम दर थोड्या दिवसांनी बदलतात. आम्ही राजस्थानातून हनुमानगड, भटिंडा असं वळसा घालून चंदीगडला निघालो. लांब पडतं, पण भटिंड्याला लस्सी अशी मिळाली की यांनी दुपारची गाडी मला चालवायला दिली.

आणि साबणाची वडी न्या. अहो, कपडे धुवायच्या साबणाची वडी म्हणतेय मी, अंगाची नको. मिस्त्रींनीच पिशवीत टाकली होती, फॅन बेल्ट, होज पाईपच्या क्लिपा, डिझेल फिल्टर, बाइंडिंग वायर आणि त्यात ही वडी. मला वाटलं कपड्यांची सोय बघतायत. बातलच्या अलीकडे एक जुनी पिकअप उभी, दगड लागून टाकीच्या शिवणीतून डिझेल ठिबकतंय, आणि तिथे मोबाइलला रेंज म्हणजे शून्य. मी वडी काढली, ड्रायव्हरने ती फटीवर दाबून दाबून घासली, थेंब थांबला. डिझेलमध्ये साबण विरघळत नाही ना! त्याने आम्हाला त्या बदल्यात एक लाखमोलाची गोष्ट सांगितली. पुढचे नाले सकाळीच ओलांडा, दुपारी ऊन वाढलं की वरचं बर्फ वितळून पाणी चढतं. सकाळी घोट्याएवढं असतं तिथे दुपारी गुडघा बुडतो. आम्ही पाचला उठून निघालो. आणि पाण्यात मधे थांबलो नाही, फोटोसाठी तर नाहीच. यांनी विषयसुद्धा काढला नाही.

नेलपॉलिशही न्या. हसू नका. चाक कधी खोललं तर नट आवळल्यावर पन्नासेक किलोमीटरनी पुन्हा आवळायचे असतात. आवळले की नटावरून रिमवर आडवी एक रेघ ओढायची. रोज सकाळी बघायचं, रेघ सरळ आहे का मोडलीय. मोडली असली तर नट फिरला. मिस्त्री पिवळा रंग वापरतात, माझ्याकडे लालच होतं. लोसरच्या चेकपोस्टवर त्या पोलिसाने चाकांकडे बघितलं, मग माझ्या नखांकडे बघितलं, आणि सोडलं.

मिस्त्रींनाही सांभाळावं लागतं बरं का. दुपारी एक ते दोन फोन करायचा नाही, जेवतात. मजुरीत घासाघीस करायची नाही, पार्टच्या किमतीत ते स्वतःच करतात दुकानदाराशी. आणि गाडी टाकून निघून नाही जायचं, शेजारी बसायचं. मी उपड्या ऑइलच्या डब्यावर बसते, वाटाणे सोलते. काचेच्या ठिकाणी काच असतेच मुळी आपण आत येऊ नये म्हणून.

टिकली? हो हो, ते सांगायचं राहिलं. अहो, सवय जाते का? मिस्त्रींकडे पहिल्या सर्व्हिसिंगला टाकली तेव्हाही मी आदल्या रात्री चिकटवली होतीच. दुपारी न्यायला गेलो तर त्यांनी एक जुनं गोणपाट पुढे केलं, त्यात काढलेले सगळे पार्ट, प्रत्येकावर खडूने नाव. सगळ्यात वर एअर फिल्टर. त्यावर टिकली. मी मान खाली घातली. ते पोराला म्हणाले, "दोन कटिंग सांग. एक बाईंना. पेपर तपासायचाय त्यांना." वहिनी, तीस वर्षांत एकाही पोराने मला असं निरुत्तर केलं नव्हतं. तेव्हापासून त्यांच्याकडे नाही लावली हो. नवा फिल्टर बसवताना ते आपणहून हाक मारतात, या बाई, शिक्का मारायचाय का म्हणून, आणि ते पोरगं दात काढतं.

नंबर देते की त्यांचा. पण आधी भाऊजींना घेऊन तुम्हीच जाऊन या, लांबूनच जरा उभं राहून बघा, मग ठरवा. आणि पहिल्या खेपेला स्पिती-बिती सांगू नका. ऑइल बदलायला न्या फक्त.

अहो वहिनी, ते बघा, भाऊजींनी हातात एक नट धरलाय आणि तो कुठला ते आठवत इकडेतिकडे बघतायत. जा आधी, स्टार्ट करू देऊ नका! थांबा, रिकाम्या हाताने नको. ही घ्या ॲल्युमिनियमची ताटली. परत नाही केलीत तरी चालेल.